अंदमान-निकोबार : पर्यटकांची वाहतूक आणि बेटांच्या मर्यादा

मुख्य भूमीवर प्रवासाचे नियोजन म्हणजे बहुतांशी अंतर, वेळ आणि भाडे यांचा हिशेब. बेटांवर मात्र त्यात समुद्राची स्थिती, उपलब्ध आसनांची संख्या आणि कायदा या तीन गोष्टींची भर पडते. अंदमान व निकोबार या केंद्रशासित प्रदेशात याचा प्रत्यय पावलोपावली येतो. सुमारे ६ अंश ४५ मिनिटे ते १३ अंश ४१ मिनिटे उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, सातशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या सागरी पट्ट्यात ही बेटे विखुरली आहेत. एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३ लाख ८० हजार ५८१. मोजक्याच बेटांवर वस्ती आहे. या वस्तीला जोडणारी जी वाहने व जहाजे आहेत, त्यांतूनच पर्यटकालाही प्रवास करावा लागतो. येथील पर्यटन-वाहतुकीचा मूळ प्रश्न हाच आहे.

मुख्य भूमीवरून बेटांकडे

राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम असे करण्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. येथील वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १८ जुलै २०२३ रोजी झाले. त्याची क्षमता वर्षाला सुमारे ५० लाख प्रवाशांची आहे. चेन्नई व कोलकात्याहून विमानाने दोन ते अडीच तासांत येथे पोहोचता येते. धावपट्टी मात्र एकच, आणि तीही नौदलाच्या हवाई तळाशी सामाईक. टर्मिनल मोठे झाले म्हणून धावपट्टीची किंवा पुढच्या बोटींची क्षमता त्याच प्रमाणात वाढत नाही, हे विकासाच्या आकडेवारीकडे पाहताना विसरून चालत नाही.

समुद्रमार्गे चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम या तीन बंदरांतून प्रवासी जहाजे सुटतात. प्रत्येक मार्गाचे अंतर ढोबळमानाने १,२०० किलोमीटर असून प्रवासाला अडीच ते चार दिवस लागतात. जहाजांच्या फेऱ्या रोजच्या नसतात आणि त्यांचे वेळापत्रक हवामान, दुरुस्ती व बंदरातील जागेनुसार बदलते. ज्याच्याकडे मोजून आठ दिवसांची रजा आहे, त्याच्यासाठी हा मार्ग सोयीचा नाही. द्वीपवासीयांसाठी मात्र हीच जहाजे शिक्षण, उपचार आणि घरसामानाची वाहतूक यांचा आधार आहेत. त्यामुळे त्यांच्यासाठी सवलतीचे भाडे ठेवलेले असते. पर्यटकाला जादा भाडे द्यावे लागते, यात अन्याय नाही.

घड्याळ आणि सूर्य

बेटांवरील वेळापत्रक समजून घेण्यासाठी शालेय भूगोलातील एक सूत्र उपयोगी पडते. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. श्री विजयपुरम मात्र साधारण ९२ अंश ४० मिनिटांवर आहे. फरक सुमारे दहा अंशांचा. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली, तर तेथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे असते. परिणामी डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे मुंबईपेक्षा जवळजवळ तासभर आधी. लहान बोटींच्या फेऱ्या दुपारीच आटोपतात त्या यामुळे. सकाळी उशिरा निघण्याची सवय असलेल्या पर्यटकाचा निम्मा दिवस येथे वाया जातो.

बेटाबेटांमधील प्रवास

हॅवलॉक व नील या बेटांना ३० डिसेंबर २०१८ रोजी अनुक्रमे स्वराज द्वीप व शहीद द्वीप अशी नावे देण्यात आली. पर्यटकांचा ओघ मुख्यतः याच दोन बेटांकडे असतो. श्री विजयपुरमहून स्वराज द्वीपाला सरकारी बोटीने सुमारे अडीच तास लागतात, तर खासगी जलद कॅटामरानने दीड तास. कॅटामरान महाग असली तरी पर्यटकाने तीच घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सरकारी बोटीवरील प्रत्येक आसन हे एखाद्या शिक्षकाचे, भाजीविक्रेत्याचे किंवा रुग्णाच्या नातेवाइकाचेही असू शकते. हेलिकॉप्टर सेवेचेही तसेच आहे. दूरच्या बेटांवरील गंभीर रुग्ण हलवणे हे तिचे पहिले काम असून पर्यटकाचा क्रम शेवटी लागतो.

हवामानाचा विषय अधिक विस्ताराने पाहावा लागेल. नैर्ऋत्य मोसमी वारे देशात सर्वप्रथम पोहोचतात ते या बेटांच्या परिसरात, मे महिन्याच्या उत्तरार्धात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो हे पर्यटक जाणतो आणि ते महिने टाळतो. परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ आहे, आणि त्याचा शेवटचा टप्पा नेमका पर्यटनाच्या गर्दीच्या हंगामात येतो. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवामानामुळे हॅवलॉक व नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांची सुटका करण्यासाठी नौदल व तटरक्षक दलाला जहाजे पाठवावी लागली. हवामान खात्याचा इशारा मिळताच बोटी बंद होतात. अशा वेळी तिकीट हाती असण्याला अर्थ उरत नाही. म्हणूनच परतीच्या विमानाआधीचा किमान एक पूर्ण दिवस राजधानीच्या बेटावर मोकळा ठेवणे आवश्यक ठरते. सहल कंपन्यांच्या सहा दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत हा मोकळा दिवस सहसा दिसत नाही.

धक्क्यांची कथा वेगळीच आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला, तर निकोबार समूह खचला. ग्रेट निकोबारवरील इंदिरा पॉइंट हे देशाचे दक्षिण टोक चार मीटरहून अधिक खाली गेले. परिणामी उत्तरेत काही धक्क्यांना पाणी अपुरे पडू लागले आणि दक्षिणेत धक्केच पाण्याखाली गेले. एकाच भूगर्भीय घटनेने वाहतुकीचे असे परस्परविरोधी नुकसान केल्याचे उदाहरण विरळाच.

दळणवळणात अलीकडे झालेला मोठा बदल पाण्याच्या तळाशी आहे. चेन्नईपासून सुमारे २,३०० किलोमीटर लांबीच्या समुद्रतळावरील ऑप्टिकल फायबर केबलचे उद्घाटन १० ऑगस्ट २०२० रोजी झाले. त्यापूर्वी बेटांचा संपर्क उपग्रहावर अवलंबून होता. आता दूरच्या बेटांवरही आरक्षण व आर्थिक व्यवहार तुलनेने सुकर झाले आहेत, तरी लहान बेटांवर जाताना थोडी रोख रक्कम जवळ असलेली बरी.

महामार्ग आणि जारवा

श्री विजयपुरमहून उत्तरेला दिगलीपूरपर्यंत जाणारा अंदमान ट्रंक रोड सुमारे ३३० किलोमीटरचा असून तो आता राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणून ओळखला जातो. जिरकाटांगपासून मिडल स्ट्रेटपर्यंतचा त्याचा जवळपास ५० किलोमीटरचा भाग जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या ३८० नोंदली गेली. बाहेरच्या जगाशी त्यांचा शांततापूर्ण संपर्क १९९७ नंतरच वाढला, आणि लगेच १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली.

या क्षेत्राला संरक्षण मिळते ते अंदमान व निकोबार बेटे (आदिम जमातींचे संरक्षण) विनियम, १९५६ अन्वये. सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये राखीव क्षेत्रातून जाणारा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला, परंतु तो प्रत्यक्षात बंद झाला नाही. जानेवारी २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत प्रसिद्ध झाल्यानंतर देशभर संताप उमटला. त्याच वर्षी विनियमातील शिक्षा कठोर करण्यात आली. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने पर्यटकांच्या वाहतुकीस अंतरिम मनाई केली. ती मार्चमध्ये उठली.

वाहने आता ठरावीक वेळी, पोलिसांच्या संरक्षणात, ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबणे, वाहन पुढे काढणे, छायाचित्र घेणे, खाद्यपदार्थ देणे या सर्वांस मनाई आहे. उत्तर व मध्य अंदमानच्या रहिवाशांसाठी हा रस्ता रुग्णालयाकडे व बाजाराकडे जाणारी वाट आहे; ती बंद करा म्हणणे सोपे, पण पर्यायी बोटी नियमित आणि परवडणाऱ्या असतील तरच ते न्याय्य ठरेल. पर्यटकाची गोष्ट निराळी. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहणे ही त्याची गरज नव्हे, हौस आहे. ताफ्यातील वाहनांची संख्या कमी करायची झाल्यास सुरुवात तेथून व्हावी.

परवाने

भारतीय नागरिकांना अंदमान समूहातील सर्वसाधारण पर्यटनस्थळांसाठी प्रवेश-परवाना लागत नाही. निकोबार समूह व आदिवासी राखीव क्षेत्रांसाठी मात्र स्वतंत्र पास आवश्यक असतो. परदेशी नागरिकांबाबत २०१८ मध्ये केंद्र सरकारने वस्ती असलेल्या २९ बेटांना प्रतिबंधित क्षेत्र परवान्याच्या अटीतून सूट दिली. येथे परीक्षार्थींनी एक भेद नीट समजून घ्यावा. ही सूट परदेशी नागरिकांविषयीच्या १९६३ च्या आदेशापुरती होती. १९५६ च्या विनियमाखालील मनाई तिने शिथिल झाली नाही. उत्तर सेंटिनेल बेटाचे नाव या २९ बेटांच्या यादीत होते, तरी तेथे जाणे बेकायदेशीरच राहिले. बेटाभोवतीच्या पाच सागरी मैलांच्या पट्ट्यातही प्रवेश निषिद्ध आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका अमेरिकी नागरिकाने मच्छीमारांना पैसे देऊन ते बेट गाठले आणि सेंटिनेलींच्या बाणांनी त्याचा मृत्यू झाला. त्याला तेथे नेणाऱ्या मच्छीमारांना नंतर अटक करण्यात आली.