नेपाळमधला होमस्टे : ऐकीव किती, खरं किती?

पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ असा फेरा मारणाऱ्या अनेकांना आता एखादी रात्र डोंगरातल्या गुरुंग जमातीच्या कुटुंबाकडे काढावीशी वाटते. बेत ठरतोही. मग कुणीतरी काहीतरी सांगतं आणि पुन्हा शहरातलंच हॉटेल बुक होतं. त्या सांगोवांगीच्या गोष्टी एकदा तपासून पाहू.

गैरसमज : नेपाळला काय, आधार कार्ड पुरतं.
वस्तुस्थिती : भारतीयांना व्हिसा लागत नाही, एवढं खरं. पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधारवर भागतं ते फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या प्रवाशांचं. म्हणजे आजोबा आणि नातू विमानात, आणि बाबा विमानतळावर अडकलेले, असंही होऊ शकतं.

गैरसमज : फोटो बघून घर आपण निवडायचं.
वस्तुस्थिती : खासगी होमस्टेत तसं चालतं. सामुदायिक होमस्टेत मात्र कुणाकडे उतरायचं हे गावाची समिती ठरवते, तेही पाळीपाळीने. स्याङ्जा जिल्ह्यातल्या सिरुबारी या गुरुंग गावाने 1997 मध्ये हा पायंडा पाडला. 2010 मध्ये सरकारने होमस्टेची कार्यविधी आणली. तिच्यानुसार सामुदायिक होमस्टेत किमान 5 घरं लागतात. हिशेब सरळ आहे : रस्त्याकडेच्या रंगवलेल्या घरालाच सगळे पाहुणे मिळाले, तर उरलेलं गाव नुसतं बघत बसेल. त्यामुळे तुमचा गट तीन-चार घरांत विभागला गेला तर कुरकुर करू नका.

गैरसमज : भाषेची पंचाईत होते.
वस्तुस्थिती : गुरुंग आणि मगर या जमातींच्या घरांतल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या भारतीय सैन्याच्या गोरखा रेजिमेंटांमध्ये नोकरी केली आहे. निवृत्त जवानांच्या पेन्शनसाठी पोखऱ्यात भारताचं कार्यालयच आहे. भिंतीवर गणवेशातला फोटो दिसला तर ‘पलटण कौनसी थी?’ एवढं विचारा; पुढचा तासभर हिंदी ऐकायला मिळेल.

गैरसमज : शाकाहारी माणसाचे हाल होतात.
वस्तुस्थिती : रोजचं जेवणच दाल, भात, तरकारी आणि लोणचं. सोबत बहुतेकदा गुंद्रुक असतं : आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं आंबटसर कालवण. भात-वरण पुन्हा पुन्हा वाढतात. अडचण होते ती वेळेची. मुख्य जेवण सकाळी दहाच्या सुमारास आणि मग संध्याकाळी. दुपारी एकला ताट मिळेलच असं नाही. शाकाहारी असल्याचं पोहोचल्यावर नव्हे, बुकिंग करतानाच सांगा. उष्ट्या-खरकट्याचे नियम आपल्या आजीच्या स्वयंपाकघरासारखेच : जेवत्या हाताने डाव उचलायचा नाही आणि चुलीपाशी विचारल्याशिवाय जायचं नाही.

गैरसमज : भारतीय नोटा आणि यूपीआय सगळीकडे चालतात.
वस्तुस्थिती : भारताचे 100 रुपये म्हणजे नेपाळचे 160, हा दर 1993 पासून कायम आहे. 100 रुपयांपेक्षा मोठ्या भारतीय नोटांचे नियम मात्र अनेकदा बदलले आहेत. निघण्यापूर्वी ताजा नियम बघून घ्या. मार्च 2024 पासून नेपाळमधल्या दुकानांत ‘फोनपे’ (Fonepay) या नेपाळी नेटवर्कच्या क्यूआरवर भारतीय यूपीआय चालू लागलं आहे. तरी गावातल्या घरी क्यूआर असेल किंवा रेंज मिळेल याचा भरवसा नाही. शहरातूनच नेपाळी रोकड घेऊन निघा.

गैरसमज : घरात मुक्काम केला की बघायचं राहून जातं.
वस्तुस्थिती : उलट, हिमशिखरं बघायची तर गावातच झोपायला हवं. सुमारे 2,000 मीटर उंचीवरच्या घांद्रुक गावातून अन्नपूर्णा दक्षिण आणि 6,993 मीटरचं माछापुच्छ्रे अगदी समोर दिसतं, पण ते पहाटे. ऊन चढलं की दरीतली वाफ वर येते, ढग जमतात आणि दुपारी जीपने आलेला पर्यटक पांढऱ्या पडद्याचे फोटो काढून परततो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश सर्वांत स्वच्छ. जून ते सप्टेंबर पावसाचे. घांद्रुक अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात असल्याने परवाना लागतो, आणि सार्क देशांच्या नागरिकांना तो सवलतीत मिळतो. शक्य असेल तर दोन रात्री ठेवा : पहिली सकाळ ढगात गेली तरी दुसरी हाताशी उरते.