रॅमच्या खोक्यावरचे आकडे

‘डीडीआर4-3200, 16-18-18-38’ असं रॅमच्या खोक्यावर छापलेलं असतं. यातला 3200 हा वेगाचा आकडा; पुढचे चार आकडे म्हणजे चिपच्या घड्याळाचे ठोके. 3200 च्या रॅममध्ये एक ठोका 0.625 नॅनोसेकंदाचा असतो.

चिपमध्ये प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो. एक बिट हवा असला तरी त्याची अख्खी ओळ उघडावी लागते. ओळ उघडली की भार तारेवर ओसरतो, म्हणजे वाचता वाचताच मूळ नोंद पुसली जाते! चिपमधली वर्धक मंडलं तो क्षीण फरक ओळखून मोठा करतात आणि कपॅसिटर पुन्हा भरतात. मला तरी या यंत्रणेतलं खरं कौशल्य इथेच दिसतं. ओळ उघडल्यावर रीड कमांड देण्याआधी 18 ठोके थांबावं लागतं. कमांड दिली की 16 ठोक्यांनी, म्हणजे 10 नॅनोसेकंदांनी, माहिती बाहेर येऊ लागते. हाच तो पहिला आकडा, सीएल.

आधीच दुसरी ओळ उघडी असेल, तर ती बंद करण्याचे आणखी 18 ठोके. एकूण 52, म्हणजे 32.5 नॅनोसेकंद. शेवटचा 38 हा ओळ उघडी ठेवण्याचा किमान काळ.

त्यामुळे डीडीआर5-6000 वर सीएल 30 दिसला म्हणून ती रॅम संथ समजू नका. सीएलला 2000 ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा: उत्तर तेच, 10 नॅनोसेकंद. खरेदीआधी एवढा हिशेब जरूर करा.