कीटकभक्षक वनस्पतींची फुले खुडावीत काय ?

कुंडीतील कीटकभक्षक वनस्पतीचा पुष्पदंड दिसू लागताच तो खुडून टाकावा, असा सल्ला बागप्रेमींत रूढ आहे. फुलांवर खर्ची पडणारे अन्न पानांकडे वळते व सापळे जोमदार होतात, हे त्याचे कारण सांगण्यात येते. उत्तर व दक्षिण कॅरोलायनातील डायोनियासारख्या बहुवर्षायू वनस्पतीच्या बाबतीत ते पटण्याजोगे आहे. रोप दुबळे असल्यास त्याचा दांडा बोटभर वाढताच कापावा. तो ओल्या शेवाळात रोवल्यास कधी कधी त्यापासून नवे रोपही मिळते.

परंतु हाच नियम आपल्याकडील दवबिंदूस लावणे म्हणजे त्याचा निर्वंश करणे होय. त्र्यंबक-अंजनेरीच्या परिसरात पावसाळ्यात आढळणारी ड्रॉसेरा इंडिका ही वर्षायू आहे. पावसात उगवावे, फुलावे आणि जमीन वाळताच मरून जावे, एवढेच तिचे आयुष्य. उन्हाळा काढते ते केवळ बीज. मग फुले खुडून वाचविलेली शक्ती कोणत्या उद्याकरिता ?

येथे फ्रान्सिस डार्विन यांनी 1878 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आठवतो. ड्रॉसेरा रोटुंडिफोलियाच्या काही रोपांच्या पानांवर त्यांनी मांसाचे कण ठेवले, इतरांना उपाशी ठेवले. पोसलेल्या रोपांत पुष्पदंड अधिक निघालेच. पण बियांची संख्या सुमारे अडीचपट आणि त्यांचे एकूण वजन जवळजवळ पावणेचारपट भरले. ही जाती बहुवर्षायू असूनही शिकारीचा सर्वांत ठळक लाभ बीजात दिसावा, हे अर्थपूर्ण आहे. पुष्पदंड हा रोपावरील भार आहे खरा, पण शिकारीचा खटाटोप बव्हंशी त्याच्याचसाठी असतो.

सीतेच्या आसवांचा, म्हणजे युट्रिक्युलॅरियाचा, तर प्रश्नच उद्भवत नाही. फुलावाचून तिची जाती ओळखणेही दुरापास्त. मेघालयातील नेपेंथिस खासियानामध्ये नर व मादी रोपे निराळी असल्याने एकट्या रोपाला बीज धरत नाही. ते नको असेल तर तेथे फुलोरा काढल्याने विशेष बिघडत नाही.

दवबिंदूची फुले खुडणाऱ्याची कुंडी पुढील जूनमध्ये रिकामी राहते, आणि मग पठारावरून पुन्हा रोपे उपटून आणण्याचा मोह होतो. त्यापेक्षा बोंडे वाळू द्यावीत. स्वपरागणानेही बीज धरत असल्याने एक रोपसुद्धा पुरते. थोडे बी कागदी पाकिटात राखावे, उरलेले कुंडीतच सांडू द्यावे, आणि रोप मेले म्हणून ती माती फेकून न देता पावसाळ्यापर्यंत तशीच कोरडी ठेवावी.