फ्लॉपीत अडकलेला वॉरहॉल

कॅनव्हासवरचं चित्र शंभर वर्षांनीही दिसतं. कॉम्प्युटरवरचं चित्र मात्र तीस वर्षांतच उघडेनासं होऊ शकतं. अमेरिकी पॉप-आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलचंच उदाहरण घ्या.

१९८५ साली कमोडोर कंपनीने ‘अमिगा १०००’ हा कॉम्प्युटर आणला आणि वॉरहॉलने त्यावर चित्रं काढली: कॅम्पबेल सूपचा डबा, बॉटिचेलीची व्हीनस (तीन डोळ्यांची!), स्वतःचं पोर्ट्रेट. १९८७ मध्ये तो गेला. ती चित्रं साठवलेल्या त्याच्या फ्लॉपी डिस्क पुढे पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात राहिल्या.

कलाकार कोरी आर्केंजेलने त्यांचा पाठपुरावा केला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने आधी फ्लॉपींची हुबेहूब प्रत काढली, कारण जुनी डिस्क वाचतानाही खराब होऊ शकते. पण फाइल फॉरमॅट अनोळखी निघाला! तो उलगडल्यावर २०१४ मध्ये चित्रं जगासमोर आली.

डिजिटल कला करणाऱ्यांनो, एवढं कराच:
🔹 मूळ फाइल कधीही पुसू नका
🔹 सोबत पीएनजीसारख्या खुल्या फॉरमॅटमध्येही सेव्ह करा
🔹 सॉफ्टवेअरचं नाव आणि व्हर्जन लिहून ठेवा
🔹 प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा

जुन्या सीडी, पेन ड्राइव्हमध्ये तुमचं काम पडून असेल, तर या रविवारीच बाहेर काढा!