गॅसवरच्या इंजिनाची निगा

१५ मे हा शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण. त्या निमित्ताने अवजारांना आशीर्वाद देण्याची रीत पुष्कळ धर्मग्रामांत आहे. आशीर्वाद आम्ही आनंदाने देऊ. परंतु ऑइल बदलण्याचे काम मात्र आशीर्वादावर सोपवू नये.

१९६५ साली सुरू झालेला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना वडोद्याच्या अगदी उशाशी, म्हणून गॅस आपल्याला परका नाही. आता तो चुलीवरून शेतात आला आहे. पेट्रोल वा केरोसीनवर चालणाऱ्या लहान इंजिनाला किट बसवून त्यावर पाणी उपसता येते. परदेशात तर गवत कापण्याची, वर बसून चालवायची यंत्रेही याच इंधनावर चालतात. यंत्र कोणतेही असो, निगा सारखीच.

गॅस स्वच्छ जळतो, हा त्याचा गुण आणि तीच फसगत. डिझेलच्या इंजिनातले ऑइल थोड्या दिवसांत काळेभोर होते, म्हणून मालकाला आठवण राहते. गॅसच्या इंजिनातले ऑइल पुष्कळ दिवस पिवळेच दिसते, आणि मालक म्हणतो, ‘अजून चांगले आहे, कशाला बदलायचे?’ पण रंग टिकला म्हणून वंगणाची शक्ती टिकते असे नाही. उष्णतेने ते आतून थकलेले असते. तेव्हा रंग पाहू नये, तास मोजावेत. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल साधारण २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे. पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर पुस्तिकेचे ऐकावे. इंजिनाजवळ एक वही ठेवून रोज किती तास चालले ते मुलांकडून लिहून घ्यावे. ऑइलची पातळी रोज, इंजिन बंद व सपाट जागी असताना पाहावी.

आणखी एक. गॅस कोरडा असतो. पेट्रोलचा जो थोडा ओलावा व्हॉल्व्हला मिळतो, तो येथे मिळत नाही. म्हणून व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते. इंजिन सुरू व्हायला त्रास देऊ लागले किंवा जोर कमी झाला, तर मिस्त्रीकडून व्हॉल्व्हची फट तपासून घ्यावी. प्लगची फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावी.

हवेचा फिल्टर उन्हाळ्यात दर आठवड्याला उघडावा. पाद्र्याच्या भाजीमळ्यांत मे महिन्यात किती धूळ उडते हे सांगायला नको. कागदी फिल्टर हलकेच आपटून झटकावा, धुऊ नये. स्पंजचा साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, ऑइलचा हलका हात लावून बसवावा. सिलिंडरभोवतीच्या पत्र्यांत चिखल व गवत अडकले तर इंजिन तापते, तेही काढावे.

आता गॅसची बाजू. टाकी नेहमी उभी ठेवावी. आडवी केल्यास वाफेऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून कधीही पाहू नये. नळीवरची मुदत संपली की नळी बदलावी, चिरा पडण्याची वाट पाहू नये. काम संपल्यावर आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि नळीतला गॅस जळून इंजिन आपोआप थांबू द्यावे. घरातला तांबडा १४.२ किलोचा सिलिंडर इंजिनाला लावणे कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

सर्वांत महत्त्वाचे विहिरीविषयी. मेमध्ये पाणी खाली जाते. पंप वर ठेवून सहा-सात मीटरपेक्षा खोल पाणी ओढू शकत नाही, म्हणून इंजिनच दोरांनी खाली टप्प्यावर उतरवण्याची खोड आपल्याकडे आहे. डिझेलच्या इंजिनानेही यात माणसे गुदमरतात. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस चक्कर येऊन पडतो, एवढेच कळते. गॅसच्या इंजिनाने धोका दुप्पट होतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट व ब्युटेन दुप्पट जड असतो. गळलेला गॅस उडून न जाता विहिरीच्या तळाशी साचतो. जुनी माणसे विहिरीत कंदील सोडून हवा पाहत असत. गॅस साचला असेल तर तोच कंदील स्फोट घडवील, आणि कार्बन मोनॉक्साइड तर कंदिलाला कळतच नाही. तेव्हा इंजिन विहिरीत, खड्ड्यात किंवा बंद खोलीत चालवूच नये. पाणी फार खोल गेले असेल तर विजेचा पाणबुडी पंप सोडावा, तो शक्य नसेल तर शेजाऱ्याकडून पाळीने पाणी घ्यावे.

कोणी आत बेशुद्ध पडलाच, तर त्याच्या मागे उतरू नये. भाऊ भावाला काढायला उतरतो आणि एका घरातून दोन प्रेते निघतात, असे याच कारणाने घडते. १०८ व अग्निशमनाच्या १०१ ला फोन करावा. दोर, माणसे व प्राणवायूची नळी घेऊन येणाऱ्यांनाच उतरू द्यावे. गॅसच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. हे तिन्ही क्रमांक पंपाच्या खोलीच्या दारावर रंगाने लिहून ठेवावेत.

पावसाळ्याआधी इंजिन उचलताना टाकी वेगळी करून हवेशीर जागी, जमिनीच्या वर ठेवावी, तळघरात नव्हे. ऑइल तेव्हाच बदलावे, दिवाळीनंतर नव्हे. जुन्या ऑइलातली आम्लता चार महिने आतले लोखंड खात राहते. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडावे, दोरी दोन-तीनदा ओढावी आणि प्लग पुन्हा बसवावा.