रिकामा फोल्डर? हात आवरा!

डेस्कटॉपवर अनोळखी रिकामा फोल्डर दिसला, की आपलं बोट थेट डिलीटवर. बॉस, एक मिनिट! ऑफिसात 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' असा शिक्का माझ्यावर बसलाय, त्यामुळे असले फोल्डर घेऊन सगळे माझ्याकडेच येतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला : याचा जन्म कधीचा? राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'क्रिएटेड'ची तारीख. त्या दिवशी काय इन्स्टॉल केलं ते आठवा. निम्मं कोडं तिथंच सुटतं.

दोन्हीकडे वनड्राइव्हचं एकच अकाउंट आणि डेस्कटॉपचा बॅकअप सुरू असेल, तर घरी केलेला फोल्डर ऑफिसात उगवतो. इथून उडवलात, की घरूनही गायब!

एप्रिल २०२५मध्ये तर कमालच झाली. विंडोजच्या सिक्युरिटी अपडेटनंतर अनेकांच्या सी ड्राइव्हमध्ये 'आयनेटपब' नावाचा फोल्डर अवतरला. आत काही म्हणजे काही नाही. कित्येकांनी तो उडवलाही. मग मायक्रोसॉफ्टचा खुलासा आला : डिलीट करू नका, तो सुरक्षेसाठीच आहे. एसटीच्या रिकाम्या सीटवरचा रुमाल आपण उचलतो का? तसंच हे. उडवलाच असेल, तर कंट्रोल पॅनलमधून 'विंडोज फीचर्स' उघडा, 'इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस'वर टिक करा. स्वारी परत हजर.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच पाहुण्याची. पेनड्राइव्हमधून येतो, चेहरा फोल्डरचा, पण प्रॉपर्टीजमध्ये टाइप 'अ‍ॅप्लिकेशन'! तो फोल्डर नाहीच. डबल क्लिक अजिबात नको, आधी अँटिव्हायरस चालवा.