मोबाईलवरचा आलेख आणि पेढ्यांचे बॉक्स



आलेख काढून दाखवणारा कॅल्क्युलेटर कॅसिओ कंपनीने १९८५ साली बाजारात आणला. परदेशातल्या बऱ्याच शाळांत तो मुलांच्या दप्तरात असतो. आपल्या सातारा-सांगलीकडे ते यंत्र मुलांच्या हाती फारसं आलंच नाही, आला तो थेट मोबाईल. जिओजेब्रा, डेसमॉस ही ॲप मोफत मिळतात. समीकरण टाकलं की रेषा तयार!

मी प्राथमिकचा शिक्षक. पण संध्याकाळी वस्तीवरची दहावीची मुलं वह्या घेऊन येतात. त्यांना मी एक गणित घातलं. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचे अर्ध्या किलोचे आणि पाव किलोचे मिळून ५० बॉक्स आहेत. पेढे एकूण २० किलो. तर कोणते बॉक्स किती?

अर्ध्या किलोचे क्ष आणि पाव किलोचे य मानले, तर पहिलं समीकरण क्ष + य = ५०. दुसरं, वजनाचं, सोपं करून २क्ष + य = ८०. मुलांनी ती मांडली बरोबर. मग एकाने मोबाईल काढून दोन्ही समीकरणं टाकली आणि म्हणाला, "सर, काहीच येत नाही. याला उत्तर नाही."

पडदा खरंच कोरा होता. ॲप उघडलं की अक्षांवर साधारण उणे १० ते १० एवढाच भाग दिसतो. आपल्या रेषा त्याच्या बाहेर, लांब. ॲप चुकलं नव्हतं, पण पडद्यावर दिसतं तेवढंच गणित असं पोराने धरलं. ५० बॉक्स आहेत म्हणजे आकडे दहाच्या वर जाणार, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

मग आलेखाचा कागद घेतला. कागदावर पहिलाच प्रश्न येतो, प्रमाण काय घ्यायचं? १ सेमी = १ एकक घेतलं तर कागद पुरत नाही. म्हणून १ सेमी = १० एकक. हे ठरवतानाच उत्तर कुठल्या घरात असेल याचा अंदाज येतो. पहिल्या रेषेसाठी (०, ५०) आणि (५०, ०), दुसरीसाठी (०, ८०) आणि (४०, ०). रेषा (३०, २०) ला छेदल्या. ताळा केला: ३० अर्धे म्हणजे १५ किलो, २० पाव म्हणजे ५ किलो. जमलं!

(सहावीला स्तंभालेखात प्रमाण शिकवताना आपण घाई करतो, त्याची वसुली दहावीला होते, असं माझं मत.)

मोबाईल नकोच असं मी म्हणत नाही. आमच्या सांगलीकडचा बेदाणा घ्या. किलोचा भाव बदलला की रक्कम दाखवणारी रेषा किती उभी होते, हे हाताने दाखवायला चार-पाच आलेख काढावे लागतात, वेळ जातो. जिओजेब्रात आकडा सरकवला की रेषा डोळ्यांसमोर कलते. तिथे मी मोबाईलच वापरतो. फक्त पहिला आलेख हाताचा, मोबाईल ताळ्यासाठी. बोर्डाच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटरही चालत नाही, मोबाईल तर लांबच.

तोच मुलगा दुसऱ्या दिवशी आला. त्याने मोबाईलवर दोन बोटांनी पडदा लहान करत नेला होता. म्हणाला, "सर, रेषा तिथेच होत्या की!"